चर्चच्या इमारतीत अर्धवेळ बालवाडी सुरू करायची आहे. आधी कशाचा विचार करावा?

प्रश्न : मंडळीच्या (चर्चच्या सदस्य-समुदायाच्या) कार्यसमितीतील सदस्या

सर्वांना नमस्कार. आमच्या चर्चच्या आवारात रविवार शाळेसाठी (रविवारी भरणाऱ्या मुलांच्या धर्मशिक्षणाच्या वर्गांसाठी) बांधलेल्या दोन मोठ्या खोल्या आणि एक छोटे सभागृह आहे. सोमवार ते शुक्रवार सकाळच्या वेळी या जागेचा काहीच उपयोग होत नाही. तेथे तीन ते पाच वर्षे वयाच्या मुलांसाठी रोज सकाळी तीन तासांची बालवाडी सुरू करावी, असा प्रस्ताव कार्यसमितीपुढे आला आहे. पाळकांचा (चर्चच्या धर्मगुरूंचा) त्याला पाठिंबा आहे. मंडळीतील दोन भगिनींनी बालशिक्षणाचा अभ्यासक्रम पूर्ण केलेला असून त्या शिकवण्यास तयार आहेत.

उत्साह पुष्कळ असला, तरी मूलभूत गोष्टींवर एकमत होत नाही. जागा स्वतःची असल्यामुळे खर्च नाममात्र येईल आणि म्हणून शुल्क अगदी कमी ठेवावे, असे काहींचे म्हणणे आहे. तीन तासांत मुले काय शिकणार, त्यापेक्षा पूर्ण दिवसाची सोयच का करू नये, असा काहींचा आग्रह आहे. बालवाडी चर्चची असेल तर तिच्यात धर्मशिक्षण किती असावे, या प्रश्नावर तर दोन बैठका संपल्या. ज्यांनी असे काम उभे केले आहे किंवा जवळून पाहिले आहे, त्यांनी कृपया सविस्तर मार्गदर्शन करावे.

उत्तर १ : निवृत्त बालवाडी मुख्याध्यापिका

ताई, तीन तास अपुरे पडतात ही शंका आधी दूर करते, कारण तिच्यामुळे अनेक समित्या सुरुवातीलाच आपल्या आवाक्याबाहेरचा पसारा मांडून बसतात.

तीन वर्षांच्या मुलासाठी तीन तास हा मोठा काळ असतो. आईवडिलांपासून दूर राहणे, अनोळखी मोठ्या माणसाचे ऐकणे, हवे असलेले खेळणे दुसऱ्याच्या हातात असताना थांबणे, यात त्याची बरीच शक्ती खर्च होते. बालशिक्षणाच्या ज्या प्रयोगांचा सर्वांत जास्त अभ्यास झाला, त्यांत अमेरिकेतील मिशिगन राज्यात १९६२ ते १९६७ या काळात चाललेल्या पेरी प्रीस्कूलचे नाव नेहमी येते. तेथील वर्ग रोज सकाळी अडीच तासच भरत असे. अभ्यासात एकूण १२३ मुले होती, त्यांपैकी ५८ मुलांना वर्गात प्रवेश मिळाला होता आणि उरलेल्यांशी त्यांची तुलना पुढे कित्येक वर्षे, अगदी ती प्रौढ होईपर्यंत केली गेली. शिक्षण, कमाई आणि गुन्ह्यांचे प्रमाण या तिन्ही बाबतींत वर्गात गेलेल्या मुलांची स्थिती चांगली आढळली. मात्र ही मुले अतिशय गरीब घरांतील होती, एका शिक्षिकेमागे पाच-सहाच मुले होती, शिक्षिका प्रशिक्षित होत्या आणि दर आठवड्याला सुमारे दीड तास प्रत्येक मुलाच्या घरी जाऊन त्या आईशी व मुलाशी बोलत असत. तेव्हा या प्रयोगाचा दाखला देऊन कोणी ‘अडीच तास पुरतात’ एवढेच सांगत असेल, तर तो अर्धीच गोष्ट सांगत आहे. थोडा वेळ पुरला, कारण त्या वेळात मुलाकडे लक्ष देणारी पुरेशी माणसे होती.

पूर्ण दिवसाची बालवाडी हे वेगळेच काम आहे. त्यात दुपारची झोप, गरम जेवण, शिक्षिकांच्या दोन पाळ्या आणि त्यानुसार वेगळी जागा लागते. अर्ध्या दिवसाच्या वर्गाचा अनुभव घेतल्यावर तो विचार करता येईल. अर्धवेळ वर्गाची एक मर्यादा मात्र मान्य करावी लागते. दोन्ही पालक नोकरी करतात आणि मुलाला मध्येच घरी नेणारे कोणी नाही, अशा कुटुंबाला त्याचा उपयोग होत नाही. आपल्या परिसरात अशीच कुटुंबे बहुसंख्य असतील, तर खोल्या रिकाम्या आहेत म्हणून वर्ग भरेलच असे नाही. म्हणून प्रवेशाची घोषणा करण्यापूर्वी मंडळीबाहेरच्या पालकांनाही भेटून त्यांची खरी गरज विचारावी.

तीन तासांची आखणी शक्य तितकी साधी ठेवावी. मुले आली की जवळजवळ पहिला तास मुक्त खेळाचा असावा. ठोकळे, घर-घर, पाणी, वाळू, रंग यांचे वेगवेगळे कोपरे मांडावेत, मूल हवे तेथे जाईल आणि शिक्षिका प्रत्येक कोपऱ्यात थोडा वेळ बसून त्याच्याशी बोलेल. त्यानंतर सर्वांनी मिळून आवराआवर करावी. हा वेळ वाया जातो असे अनेकांना वाटते; प्रत्यक्षात वर्गीकरण आणि मोजणी मुले तेथेच शिकतात. गोल करून गाणी व गप्पा दहा ते पंधरा मिनिटांपेक्षा जास्त ताणू नयेत. मग हात धुऊन खाऊ, निदान अर्धा-पाऊण तास मोकळ्या हवेत खेळ आणि शेवटी गोष्ट. लहान गटांत काही ठरवून करून घ्यायचे असेल तर ते याच वेळेत बसवता येते. अक्षरे गिरवण्याच्या छापील पानांना यात जागा दिलेली नाही, हे आपल्या लक्षात आले असेलच. पालक ती मागतील, तेव्हा शिक्षिकेने ठामपणे आणि सौजन्याने कारण सांगावे: पेन्सिल धरण्याआधी बोटांना माती, कात्री आणि मणी यांची सवय व्हावी लागते.

आणखी एक गोष्ट. नवी मुले शेजारीशेजारी बसून आपापले खेळत राहतात, एकमेकांशी खेळत नाहीत, असे दिसले की पालक काळजीत पडतात. मिल्ड्रेड पार्टन या अमेरिकी संशोधिकेने १९३२ मध्ये मुलांच्या खेळाच्या ज्या पायऱ्या मांडल्या, त्यांत या समांतर खेळालाही एक स्थान आहे. त्याची घाई करू नये.

पहिल्या वर्षी एकच वर्ग घ्यावा. अमेरिकेतील एनएईवायसी ही लहान मुलांच्या शिक्षणाचे निकष ठरवणारी संस्था तीन वर्षांच्या मुलांसाठी एका मोठ्या माणसामागे नऊ मुले आणि एका वर्गात जास्तीत जास्त अठरा मुले असा निकष सांगते. चार वर्षांच्या मुलांसाठी ती मर्यादा अनुक्रमे दहा आणि वीस आहे. आपल्याकडील कायद्यात याहून कडक आकडा असेल तर तोच पाळावा लागेल. नसेल, तरी माझ्या मते पहिल्या वर्षी बारा ते चौदा मुलांवर थांबावे.

उत्तर २ : एका मंडळीचे माजी खजिनदार

मुख्याध्यापिकाबाईंनी वर्गाबद्दल लिहिले आहे. मी पैशाबद्दल आणि कागदपत्रांबद्दल लिहितो, कारण असे उपक्रम बहुतेक वेळा येथेच अडतात.

जागा फुकट आहे हा समज प्रथम सोडावा. भाडे वाचते हे खरे, परंतु वीज, पाणी, रोजची साफसफाई, शौचालयांची दुरुस्ती, विम्याचा वाढीव हप्ता आणि वापरामुळे होणारी झीज हा सगळा खर्च मंडळीवर पडतो. तो कोठे लिहिलाच नाही, तर दोन वर्षांनी वार्षिक सभेत कोणीतरी उठून विचारते की आमच्या अर्पणाचा पैसा कोणाच्या मुलांवर खर्च होतो आहे. मंडळीला हा खर्च स्वतःहून उचलायचा असेल तर अवश्य उचलावा, पण तो आकड्यात मांडून, ठराव करून आणि ठरावीक मुदतीसाठी उचलावा. बालवाडीचे बँक खाते आणि हिशेबाची पुस्तके पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवावीत.

अंदाजपत्रकात सर्वांत मोठा आकडा पगाराचा असतो. तीन तासांच्या वर्गासाठी शिक्षिकेला तीनच तासांचे वेतन देण्याची चूक अनेक ठिकाणी होते. मांडामांड, आवराआवर, नोंदी आणि पालकांशी बोलणे धरून तेच काम साडेचार तासांचे होते. आपल्या दोन्ही भगिनी आज सेवा म्हणून विनामूल्य शिकवायला तयार असतील, तरीही त्यांचे वेतन अंदाजपत्रकात धरावे. त्यांच्यापैकी एकीला घरच्या कारणाने काम सोडावे लागले, तर दुसरी शिक्षिका विनामूल्य मिळेलच असे नाही, आणि मग शुल्क एकदम वाढवावे लागते.

शुल्क ठरवताना सगळ्या जागा भरतील असे गृहीत धरू नये. समजा अठरा जागा आहेत; वर्षाचा एकूण खर्च अठराने न भागता चौदाने भागावा आणि येणारा आकडा हे खरे शुल्क समजावे. ते काही कुटुंबांना परवडणार नसेल, तर सर्वांचेच शुल्क उतरवण्याऐवजी सवलतीचा वेगळा निधी करावा आणि मंडळीतील इच्छुकांकडून त्यासाठी देणगी घ्यावी. सवलत कोणाला मिळाली हे दोन-तीन जणांपलीकडे कोणाला कळता कामा नये. रविवारी एकाच बाकावर बसणाऱ्या लोकांमध्ये ही गुप्तता फार महत्त्वाची असते.

आता परवानगीबद्दल. काही देशांत आणि राज्यांत धार्मिक संस्थांनी चालवलेल्या किंवा दिवसाला ठरावीक तासांहून कमी चालणाऱ्या वर्गांना परवान्यातून सूट असते. सूट मिळाली तरी अग्निसुरक्षा, इमारतीचा मंजूर वापर आणि कर्मचाऱ्यांची पडताळणी या बाबतींतील नियम बहुधा लागू राहतातच. संबंधित कार्यालयाकडून लेखी उत्तर घेऊन ते फाइलीत ठेवावे. विमा कंपनीलाही आधी कळवावे. रविवारच्या उपासनेसाठी काढलेल्या विम्यात रोजच्या बालवाडीतील अपघात धरलेला असतोच असे नाही.

मंडळी आणि बालवाडी यांच्यात लेखी करार असावा, मग बालवाडी मंडळीचीच असली तरीही. शिक्षिकेची नेमणूक कोण करणार, शुल्क कोण ठरवणार, पालकाची तक्रार आली तर शेवटचा शब्द कोणाचा, आणि उपक्रम बंद करायचा झाल्यास किती आधी कळवायचे, हे त्यात असावे. पाळक बदलतात, समित्या बदलतात. आजच्या पाळकांच्या पाठिंब्यावर उभी राहिलेली बालवाडी पुढच्या पाळकांच्या नापसंतीने कोसळू नये, यासाठी हा कागद हवा.

उत्तर ३ : एक पाळक

धर्मशिक्षणाच्या प्रश्नावर दोन बैठका झाल्या, हे वाचून आश्चर्य वाटले नाही. आमच्याकडे त्याहून जास्त झाल्या होत्या.

चर्च आणि बालशिक्षण यांचे नाते जुने आहे. जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रीड्रिश फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये आपली बालसंस्था सुरू केली आणि १८४० मध्ये तिला किंडरगार्टन हे नाव दिले. त्याच्याही कित्येक दशके आधी, १७७० च्या सुमारास, फ्रान्समधील आल्सास प्रांतातल्या डोंगराळ भागात योहान फ्रीड्रिश ओबरलिन या पाळकाने शेतकऱ्यांच्या लहान मुलांसाठी वर्ग सुरू केले होते. तेथे तरुणी मुलांना विणकाम शिकवत, चित्रे दाखवून वनस्पती आणि प्राणी ओळखायला लावत, गाणी म्हणून घेत. धर्मकथाही असत, पण त्या सगळ्या दिवसक्रमाचा एक भाग म्हणून. लुईझ शेप्लर ही तेथील शिक्षिका पुढे आयुष्यभर हे काम करत राहिली. ओबरलिन यांनी त्याच काळात रस्ते, पूल आणि शेतीच्या सुधारणा यांतही तितकेच लक्ष घातले होते, हे मला महत्त्वाचे वाटते; मुलांचा वर्ग हा गावाच्या गरजेतून निघाला होता.

माझे मत असे आहे की, खाण्यापूर्वीची छोटी प्रार्थना, नाताळ आणि ईस्टरच्या गोष्टी, एखादे गीत, इतके असायला हरकत नाही. ज्याला चर्चची बालवाडी हवी आहे, त्याला त्याची कल्पना असते. पाठांतर, उपदेश आणि शिक्षेच्या गोष्टी मात्र या वयात पूर्णपणे वर्ज्य असाव्यात. आणि जे काही करणार, ते प्रवेशपत्रिकेत स्पष्ट छापावे, म्हणजे पालक समजून-उमजून निर्णय घेतील.

उत्तर ४ : अशाच एका बालवाडीतील मुलीचे पालक

पाळकसाहेबांच्या उत्तराच्या शेवटच्या वाक्याशी मी पूर्ण सहमत आहे. त्याआधीच्या भागाशी पूर्णपणे नाही. आमचे कुटुंब ख्रिस्ती नाही. मुलीला चर्चच्या बालवाडीत घातले, ते तेथील शिक्षिका चांगल्या होत्या म्हणून. प्रवेशाच्या वेळी सांगितले गेले की छोटी प्रार्थना असते. आम्ही ते मान्य केले. पुढे मात्र सणाच्या कार्यक्रमात मुलीने कोणत्या भूमिकेत उभे राहायचे, कोणते वाक्य म्हणायचे, हे आम्हाला न विचारता ठरले. कोणाचा हेतू वाईट नव्हता. प्रश्न असा आहे की, ‘यात सहभागी न होण्याची मुभा आहे’ असे नुसते म्हटल्याने चार वर्षांच्या मुलाला ती मुभा मिळत नाही. सगळे गोलात बसलेले असताना एकट्याने कोपऱ्यात बसणे ही त्याला शिक्षाच वाटते.

संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेच्या चौदाव्या कलमात मुलाच्या विचार, विवेक आणि धर्माच्या स्वातंत्र्याबरोबरच त्याला दिशा देण्याचा पालकांचा हक्कही मान्य केला आहे. त्याचा व्यवहारातला अर्थ मला असा वाटतो की, धार्मिक भाग दिवसाच्या एका ठरावीक टोकाला ठेवावा, म्हणजे ज्यांना नको असेल ते पालक मुलाला पाच मिनिटे उशिरा आणतील किंवा थोडे आधी नेतील आणि मुलाला वेगळे पाडल्याची भावना येणार नाही. मंडळीला सगळे वर्ग आपल्याच सदस्यांच्या मुलांनी भरायचे असतील तर हा प्रश्नच येत नाही, पण तसे असेल तर तेही उघडपणे सांगावे.

उत्तर ५ : बालसुरक्षेचे प्रशिक्षण देणाऱ्या कार्यकर्त्या

चर्चच्या इमारती मोठ्या माणसांसाठी बांधलेल्या असतात, हे लक्षात ठेवून एकदा गुडघ्यांवर बसून सगळ्या खोल्या पाहाव्यात. मुलाच्या उंचीवरून वेगळेच काही दिसते: उघडे सॉकेट, घडीच्या जड खुर्च्यांची भिंतीला टेकवलेली चळत, पडद्याच्या लोंबत्या दोऱ्या, वेदीकडे जाणाऱ्या पायऱ्या, चहाच्या भांड्यांचे स्वयंपाकघर. नळाला गरम पाणी येत असेल तर त्याचे तापमान ४९ अंश सेल्सियसच्या वर जाऊ देऊ नये. तीन वर्षांखालील मुले असतील किंवा तोंडात वस्तू घालण्याची सवय असलेली असतील, तर सुमारे ३.२ सेंटिमीटर व्यासाच्या नळीत पूर्ण मावेल अशी कोणतीही वस्तू खेळण्यांत नसावी.

जागेचा हिशेब करताना दर मुलामागे ३५ चौरस फूट मोकळी जागा हा अनेक ठिकाणी वापरला जाणारा किमान निकष आहे. त्यात कपाटे, टेबले आणि जाण्यायेण्याचा मार्ग धरत नाहीत. म्हणजे ६३० चौरस फुटांची खोली कागदावर अठरा मुलांची वाटते, पण सामान वजा केल्यावर तेरा-चौदाचीच उरते. मैदानावर एका वेळी खेळणाऱ्या प्रत्येक मुलामागे ७५ चौरस फूट धरतात.

याहून महत्त्वाचे असे की, कोणत्याही मोठ्या माणसाने मुलाबरोबर इतरांच्या नजरेआड एकटे राहू नये. मुलाला शौचालयात नेताना दार अर्धवट उघडे आणि दुसरी व्यक्ती हाकेच्या अंतरावर, हा नियम पाळकांपासून सफाई कर्मचाऱ्यांपर्यंत सर्वांना सारखाच लागू असावा. मंडळीत ‘ते तर आपलेच आहेत’ ही भावना फार प्रबळ असते आणि नेमकी तीच धोक्याची असते. शिक्षिकाच काय, मदतीला येणाऱ्या स्वयंसेवकांचीही पडताळणी करावी. मुलाला घरी नेणाऱ्यांची नावे पालकांनी लेखी द्यावीत आणि त्या यादीबाहेरच्या व्यक्तीच्या हाती मूल देऊ नये, मग ती व्यक्ती चर्चमध्ये सर्वांच्या ओळखीची का असेना. प्रथमोपचार आणि गुदमरलेल्या मुलाला मदत करण्याचे प्रशिक्षण घेतलेली निदान एक व्यक्ती वर्गाच्या वेळी नेहमी हजर असावी.

प्रश्नकर्त्या सदस्या

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. लेखी करार आणि वेगळे खाते हे दोन मुद्दे मी पुढच्या बैठकीत ठराव म्हणूनच मांडणार आहे. आणखी दोन व्यावहारिक शंका आहेत. ज्या खोल्यांत बालवाडी भरणार, त्यांतच रविवार शाळाही भरते, आणि तेथील शिक्षकांना आतापासूनच आपले फलक व कपाटे जातील अशी धास्ती वाटते आहे. शिवाय एखाद्या दिवशी सकाळी अंत्यविधी असेल, तर काय करावे?

उत्तर १ : निवृत्त बालवाडी मुख्याध्यापिका

दोन्ही शंका अगदी योग्य आहेत आणि चर्चमधल्या बालवाडीलाच त्या येतात.

खोली दोघांची असेल तर सामान मात्र दोघांचे वेगळे असावे. चाके असलेली, कुलूप लागणारी कपाटे घ्यावीत. शुक्रवारी वर्ग सुटल्यावर ती भिंतीकडे तोंड करून लावली की रविवारी मुलांना ती उघडता येत नाहीत. सोमवारी सकाळी कोड्याचे तुकडे हरवलेले आणि रंग वाळलेले सापडले, की शिक्षिका रविवार शाळेवर चिडतात, आणि रविवार शाळेची भिंतीवरची चित्रे बालवाडीने उतरवली की तिकडचे शिक्षक दुखावतात. प्रत्येकाला एक भिंत कायमची नेमून द्यावी. शुक्रवारी खोली कोणत्या अवस्थेत सोडायची याचे एक छायाचित्र काढून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवावे. त्यावरून वाद पुष्कळ कमी होतात. रविवार शाळेच्या एका शिक्षकाला बालवाडीच्या समितीत घ्यावे, म्हणजे त्यांचे म्हणणे निर्णय झाल्यावर नव्हे, आधी कळेल.

अंत्यविधी टाळता येत नाही आणि त्याची सूचनाही फार आधी मिळत नाही. शोकाकुल कुटुंबाला त्यांच्या दिवशी चर्च पूर्ण मिळाले पाहिजे, यावर दुमत नसावे. बालवाडीला वेगळे प्रवेशद्वार असेल आणि वर्ग मुख्य उपासनागृहापासून दूर असेल, तर त्या दिवशी मैदानावरचा खेळ आत घेऊन, गाणी वगळून वर्ग चालवता येतो. तसे नसेल तर सुट्टी द्यावी. वर्षभरात अशा किती आकस्मिक सुट्ट्या होऊ शकतात, त्यांचे शुल्क परत मिळणार की नाही आणि पालकांना आदल्या दिवशी किती वाजेपर्यंत कळवले जाईल, हे प्रवेशपत्रिकेतच लिहून ठेवावे. गाड्या उभ्या करण्याच्या जागेचाही विचार करावा, कारण मुलांना नेण्याची वेळ आणि अंत्यविधीला लोक येण्याची वेळ एकच झाली तर फाटकापाशी गोंधळ होतो. चर्चच्या कार्यालयात जो कोणी तारखांची नोंद ठेवतो, त्याने अंत्यविधीची वेळ ठरताच पहिला फोन बालवाडीच्या शिक्षिकेला करावा, एवढे करारात घालून घ्या.